तेरा ठोक्यांची जागा

माधवनगरच्या रेल्वे फाटकाशी मोटारसायकल बंद करून गोमटेश उभा होता, तेव्हा वरच्या खिशातला फोन थरथरला. नाव सोपानचं, कुंडलच्या. फोन कानाला लावला तर सोपान त्याच्या नेहमीच्या सावकाश आवाजात म्हणाला, "साहेब, मशीननं मारलं पोरीला," आणि तेवढ्यात मालगाडी आली. पुढचं काही ऐकू येईना. गोमटेशनं फोन कानावर घट्ट दाबला, दुसऱ्या कानात बोट घातलं, तरी चाकांच्या खडखडाटाशिवाय काही नाही. तो डबे मोजू लागला. मोजायची त्याला कामामुळं सवयच लागली होती. जिना चढताना पायऱ्या, ताटावर बसल्यावर घास. मारलं म्हणजे काय? त्या भागात पाठीत धपाटा घातला तरी मारलंच, आणि जीव घेतला तरी मारलंच. सोपानचा आवाज दोन्हीला सारखाच असणार. एखाद्याची मोटर जळाली हेही तो असंच सांगायचा. एकोणतीस, तीस, एकतीस. एवढ्या वेळात सोपानच्या पोरीचा, साक्षीचा चेहरा डोळ्यांपुढं यायला हवा होता, हे त्याला तिथं उभ्या उभ्या जाणवलं. पण चेहरा येत नव्हता. येत होता एक आकडा, एकशे नव्वद, संगणकाच्या पडद्यावर दिसतो तसा, निळ्या चौकटीत. हा आकडा कुणी सुचवला होता ते कुठं लिहून ठेवलेलं नसेल, असाही विचार मनात येऊन गेला, आणि तो विचार आपलाच आहे हे कळायला आणखी चार डबे जावे लागले.

गाडी संपली तरी सोपान बोलतच होता. "दोनदा मारलं. शाळंत खो-खो खेळत व्हती. आता बसलीया, पानी प्यालीया. बोलत न्हाई कुनासंगं." गोमटेशला एकदम हलकं वाटलं. नुसता फटका मारला होता. फाटक उघडलं, मागची वाहनं हॉर्न वाजवू लागली, आणि दहा वर्षांच्या पोरीला पूर्ण शुद्धीत असताना दोन वेळा काळजावर विजेचा झटका बसला आहे, ही बातमी चांगली मानून त्यानं गाडीला किक मारली. घरापर्यंतच्या पाच मिनिटांत ते हलकेपण कुठल्या कुठं गेलं.

गोमटेश हृदयाला लावायची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीचा तंत्रज्ञ होता. सांगली, मिरज, कराड, सातारा, असा त्याचा पट्टा. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांशेजारी संगणक उघडून बसायचं, यंत्र शरीरात गेलं की त्याचे आकडे लावायचे, आणि पुढं दर सहा महिन्यांनी तपासायचे, हे काम तो चौदा वर्षं करत आला होता. त्याची माणसं म्हणजे हळदीचे व्यापारी, निवृत्त मास्तर, पेन्शनीतले फौजदार. खुद्द त्याच्या वडिलांना, आदगोंडाआण्णांना, एकाहत्तराव्या वर्षी त्यानंच शेजारी बसून पेसमेकर लावून घेतला होता. आण्णांचा सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम होता. ऑपरेशनला उशीर झाला, बाहेर येईपर्यंत अंधारलं, आणि दिवसभर उपाशी असलेला तो म्हातारा माणूस दुसऱ्या दिवशीच्या उन्हापर्यंत तसाच पडून राहिला. डॉक्टर रागावले, नर्स रागावली. आण्णा म्हणाले, नियम सोयीचा असता तर घेतला कशाला असता. गोमटेशला तेव्हा त्यांचा राग आला होता आणि कुठंतरी आत अभिमानही वाटला होता. अशा माणसांच्या हृदयांसाठी ती यंत्रं होती. ही माणसं जिना चढताना थांबतात, रस्ता ओलांडताना थांबतात, त्यांचं काळीज मिनिटाला दीडशेच्या वर कधी जात नाही. गेलंच तर ते बिघडलेलं असतं. म्हणून झटका देणाऱ्या यंत्रात कारखान्यातून येतानाच एकशे अठ्ठ्याऐंशी हा आकडा बसवलेला असे. त्याच्या वर ठोके गेले की माणूस मरायला लागला आहे असं समजून यंत्र झटका देतं. चौदा वर्षांत त्या आकड्यानं त्याला कधी दगा दिला नव्हता.

साक्षीचं हृदय जन्मतःच बिघडलेलं होतं. आत भोक, आणि फुप्फुसाकडं जाणारी वाट अरुंद. रडली की निळी पडायची. तिसऱ्या वर्षी पुण्यात ऑपरेशन झालं, भोक बुजवलं, वाट रुंद केली, आणि पोरगी पळायला लागली. पण टाके घातलेल्या जागी जो व्रण उरतो, त्याच्याभोवती कधीकधी वीज चुकीच्या वाटेनं गोल गोल फिरायला लागते. आठव्या वर्षी शाळेच्या प्रार्थनेत ती उभ्याची खाली कोसळली. गावातल्या डॉक्टरांनी छाती दाबत दाबत तिला जगवलं, आणि मग साताऱ्याला डॉ. वीरधवल शिर्के यांच्याकडं ती आली. मुलांच्या हृदयाचे डॉक्टर म्हणून या दोन जिल्ह्यांत त्यांचंच नाव होतं. त्यांनी गोमटेशला विचारलं, लहान मुलांसाठी वेगळं यंत्र आहे का. नव्हतं. मोठ्या माणसाचंच यंत्र बसवायचं होतं. खांद्याखाली ते मावेना, म्हणून बरगड्यांच्या खाली पोटात ठेवलं. तारा शिरेतून न घालता छाती उघडून हृदयाच्या बाहेरून शिवल्या, आणि ती उंच होणार म्हणून तारेचे दोन वेढे जास्त सोडले. ऑपरेशन संपत आलं असताना डॉक्टरांनी मान न वळवता विचारलं होतं, "नेहमी किती ठेवता?" गोमटेश म्हणाला, "एकशे अठ्ठ्याऐंशी, सर." डॉक्टर म्हणाले, "लहान आहे ती." गोमटेश म्हणाला, "मग नव्वद करू." त्यानं बटण दाबलं. पोटावर ते यंत्र साबणाच्या वडीसारखं उठून दिसायचं. साक्षी त्याला 'डबी' म्हणायची. गोळ्याही मोठ्या माणसांच्याच होत्या. सोपान रोज सकाळी ब्लेडनं एका गोळीचे चार भाग करायचा आणि तिची आई त्यातला एक गुळात घालून द्यायची. चार भागांतला एखादा नेहमी भुगा व्हायचा.

फोन आला त्याच दिवशी दुपारी सांगलीच्या दवाखान्यात सोपान तिला घेऊन आला. गोमटेशनं संगणकाला वायरनं जोडलेली चकती तिच्या पोटावर, डबीच्या वर धरली, आणि यंत्रानं आपल्याजवळची नोंद पडद्यावर ओतली. ठोके एकशे अठ्ठ्याण्णव. सरळ, एकसारखे, निरोगी ठोके. दहा वर्षांची पोरगी जीव खाऊन पळते तेव्हा पडतात तसे. यंत्र फक्त वेग बघतं. त्यानं वेग बघितला आणि झटका दिला; घाबरून काळीज आणखी पळालं, म्हणून पुन्हा दिला. गोमटेशनं विचारलं नव्हतं तरी साक्षी पडद्याकडं बघत म्हणाली, "मागनं कुनीतरी लाथ घातली असं वाटलं, म्हणून मी मागं बघितलं. मागं कुनीच नव्हतं. मग परत घातली." तिला ज्या मुलीनं खो दिला होता ती मुलगी तेव्हापासून रडत होती, आपल्याच हातानं हे झालं म्हणून, असं सोपाननं सांगितलं. कुंडलला त्याचं विहिरीवरच्या मोटारी बांधायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीची तार उपसून तो नवी गुंडाळून द्यायचा. गोमटेशनं त्याला आकड्याचं सगळं सांगितलं, म्हणजे आकडा कुणी सुचवला ते सोडून सगळं, तेव्हा त्यानं मान हलवली.

"आमच्यातबी असंच असतंय, साहेब. स्टार्टरचा रिले खाली लावला तर मोटर उगंच ट्रिप हुती. वर लावला तर जळती. पर मोटरीच्या पाठीवर पत्रा ठोकलेला असतोय, किती अँपिअर घ्यायचं ते लिहिलेला. हिचं कुठं लिहिलंय?"

कुठंच लिहिलेलं नव्हतं. डॉ. शिर्के फोनवर म्हणाले, आकडा तूर्त दोनशे दहा कर, आणि तीन आठवड्यांनी तिला साताऱ्याला आण. तिला पळवून बघावं लागेल. तिचं स्वतःचं काळीज पळताना कुठपर्यंत जातं हे कळल्याशिवाय नवा आकडा लावणं म्हणजे पुन्हा अंदाजानंच दगड मारणं. 'पुन्हा' हा शब्द ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले. फोन ठेवल्यावर गोमटेशनं तो शब्द बराच वेळ तपासून पाहिला, त्यात आपल्यासाठी काही होतं का. डॉक्टरांनी त्याला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं त्याला त्या तीन आठवड्यांत अनेकदा वाटलं. कराडच्या पुलावर, ट्रकच्या मागं अडकलेला असताना, एखाद्या म्हाताऱ्याच्या छातीवर चकती धरून कौतुक ऐकत असताना मध्येच ते वाक्य यायचं, मग नव्वद करू. किती सहज म्हटलं होतं आपण. दुकानदार पिशवीत वरून दोन मिरच्या टाकतो तसे दोन ठोके टाकले होते. पत्नी गुणमाला एकदा म्हणाली, तुम्ही हल्ली स्वतःच्याच मनगटावर बोटं ठेवून बसता. त्यानं हात मागं घेतला. पण ती आत गेल्यावर पुन्हा ठेवला. बहात्तर. त्याचं काळीज अगदी पुस्तकातल्यासारखं चाललं होतं, आणि त्याला त्याचाच राग येत होता.

साताऱ्याला ती यायला तयार झाली, पण पट्ट्यावर चढेना. पायाखाली फिरणारा तो रबरी पट्टाही मोठ्या माणसांसाठीच होता, धरायचा दांडा तिच्या कपाळाशी येत होता. डॉ. शिर्के तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिला समजावून सांगू लागले. यंत्र संगणकावरून बंद करता येतं. ती म्हणाली, मला दिसत न्हाई बंद केलेलं. मग डॉक्टरांनी मेदूवड्याएवढं, मध्ये भोक असलेलं लोहचुंबक तिच्या हातात दिलं. हे डबीवर धरलं की डबी झोपते, उचललं की उठते. ते गोमटेशकडं वळून म्हणाले की खरं तर हेच बरं, संगणकावरून पुन्हा चालू करण्यात वेळ जातो, हे उचललं की क्षणात काम. हे वाक्य साक्षीनं ऐकलं की नाही, ते गोमटेशला पुढं कधीच नक्की ठरवता आलं नाही. नर्स ते चिकटपट्टीनं बसवायला आली तेव्हा साक्षीनं तिचा हात बाजूला केला.

"पट्टी निघती घाम आल्यावर. काका, तुमी धरा."

गोमटेश म्हणाला, धरतो.

"हात काढायचा न्हाई."

"नाही काढणार."

"काय झालं तरी?"

गोमटेशनं तिच्याकडं बघितलं. खोलीत डॉक्टर होते, नर्स होती, दाराच्या काचेमागं सोपान उभा होता. कोपऱ्यात बाहेरून झटका द्यायचं मोठं यंत्रही तयार ठेवलं होतं. काही झालं तर काय करायचं हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही. पण ती विचारत होती ते वेगळंच होतं, आणि तिच्या त्या विचारण्यात आण्णांच्या उपाशी पडून राहण्यासारखं काहीतरी होतं, ज्याच्यापुढं शहाणपणाचं बोलणं हलकं वाटतं. "काय झालं तरी," तो म्हणाला.

ती चढली. पट्टा हळू सुरू झाला. गोमटेश शेजारून वाकून, चुंबक तिच्या पोटावर दाबून, तिच्याबरोबर जागच्या जागी पावलं टाकत राहिला. तळव्याखाली चुंबकाचा गारवा, त्याच्याखाली डबीची कड, आणि तिच्याही खाली, फार खोल, काहीतरी उसळत असलेलं. एकशे तीस. दीडशे. ती दात आवळून पुढं बघत होती. पट्टा वाढवला. एकशे सत्तर. तिच्या झिपऱ्या त्याच्या गालाला लागल्या, घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास आला. एकशे नव्वद. त्या आकड्यापाशी तिचं सगळं अंग ताठरलं हे त्याला हाताखाली कळलं. तिला पडदा दिसत होता. काहीच झालं नाही. एकशे पंच्याण्णव. ती एकदम हसली. आवाज न करता, तोंड उघडून, धापा टाकत. गोमटेशला आठवत होतं तिथपर्यंत त्यानं तिला पळताना कधी पाहिलं नव्हतं. तो तिला ओळखत होता ते नेहमी झोपलेली, पोटावर चकती ठेवलेली. तिचे पाय लांब होते. चांगली पळत होती. दोनशे एक, आणि तिथं आकडा थांबला. डॉक्टर म्हणाले, बास, कमी करा. पट्टा मंद होऊ लागला, आणि ठोके उतरायच्या ऐवजी पडद्यावरची रेघ एकाएकी रुंद झाली, करवतीच्या दात्यांसारखी. दोनशे चौदा.

हे तिचं पळणं नव्हतं. ही व्रणाभोवती फिरणारी वीज होती, तीच, प्रार्थनेतली. साक्षीचे गुडघे गेले. त्यानं डाव्या हातानं तिला सावरलं. उजवा होता तिथंच होता. "गोमटेश, हात," डॉक्टर म्हणाले. ती शुद्धीत होती. ओठांचा रंग जात होता आणि डोळे त्याच्याकडं लागले होते, पडद्याकडं नाही, बापाकडं नाही. त्याला सगळं ठाऊक होतं. आता हात उचलला की यंत्र जागं होईल, वेग मोजेल, आधी हलक्या ठोक्यांनी काळजाला वळवून बघेल, नाही जमलं तर झटका देईल. हे व्हायला दहाबारा सेकंद लागतात, आणि ते दहाबारा सेकंद हात उचलण्यापासून मोजायचे असतात. हे त्यानं शेकडो डॉक्टरांना, नर्सना शिकवलं होतं. हात उचलेना. नको म्हणून नव्हे. त्याला तो उचलायचा होता, आणि तो बघत होता आपल्याच हाताकडं, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा, तिच्या पोटावर पसरलेला, पाची बोटं ताणलेली. तिच्या नजरेत भीती नव्हती. ती फक्त वाट बघत होती. "हात काढ," डॉक्टर ओरडले नाहीत, पण जवळ आले. गोमटेशनं हात काढला.

यंत्रानं एकदा हलकेच समजावून बघितलं. जमलं नाही. मग तिचं सगळं शरीर त्याच्या डाव्या हातावर उडालं आणि पडलं. तिच्या तोंडून आवाज आला, फार मोठा नव्हे. रेघ सरळ झाली. एकशे दहा, शंभर, शंभर.

सोपान आत आला, त्यानं लेकीच्या कपाळावर हात ठेवला, आणि मग तोच हात गोमटेशच्या खांद्यावर. "तुमच्यामुळं वाचली," तो म्हणाला, "न्हाईतर जळालीच असती." गोमटेश मान हलवत राहिला. साक्षीनं तोंड भिंतीकडं केलं होतं. नंतर यंत्रातून ठोक्यांचा छापील कागद फाडून घेताना डॉक्टरांनी त्याला रेघ दाखवली. पहिल्यांदा हात म्हटल्यापासून यंत्र जागं होईपर्यंत अकरा सेकंद गेले होते. ते म्हणाले, "अकरानं काही बिघडत नाही," आणि तो कागद फाईलमध्ये लावला. मग दोघं आकडा ठरवायला बसले. तिचं निरोगी काळीज जास्तीत जास्त दोनशे एकला जातं. बिघडलेलं दोनशे चौदाला सुरू होतं. मधे तेरा ठोक्यांची जागा होती, त्यातच कुठंतरी रेघ मारायची होती. मोठ्या माणसांत ही जागा साठ-सत्तर ठोक्यांची असते, तिथं डोळे मिटून रेघ मारली तरी चालते. त्यांनी दोनशे आठ ठरवला. गोळीचा डोस चौथ्या भागाच्या अर्ध्यानं वाढवला. बटण गोमटेशनं दाबलं. या वेळी आकडा त्याचा एकट्याचा नव्हता आणि अंदाजाचाही नव्हता, तरी बटण दाबताना त्याला वाटलं की आपण एका पोरीला फूटभर रुंदीच्या बांधावर उभी करून दोन्ही बाजूंना विहीर खणतो आहोत.

घरी त्यानं गुणमालाला अर्धंच सांगितलं. पोरगी वाचली एवढं. बाकीचं आठवड्यानं सांगितलं, जेवताना, ताटाकडं बघत. शब्द दिला होता आणि मोडला. आणि मोडायलाही उशीर केला. म्हणजे धड राखला नाही, धड मोडलाही नाही. गुणमाला म्हणाली, "नियम मोडला तर प्रायश्चित्त घेता येतं. मुनिमहाराजांना विचारा." त्यानं विचारलं नाही. काय विचारायचं? हात काढला त्याचं प्रायश्चित्त घ्यायचं की अकरा सेकंद काढला नाही त्याचं? आण्णा असते तर काय म्हणाले असते, हे मनात घोळवायचा त्यानं प्रयत्न केला, पण आण्णांचा नियम त्यांच्या स्वतःच्या पोटावर होता. त्यांनी दुसऱ्याला कधी उपाशी ठेवलं नव्हतं. कामावर तो पहिल्यासारखाच जात होता. फक्त म्हाताऱ्यांच्या छातीवरून चकती उचलताना हात क्षणभर थांबायचा, आणि ते म्हातारे घाबरून विचारायचे, काय, काही निघालं का.

तीन महिन्यांनी डॉ. शिर्क्यांनी त्याला सांगितलं, साक्षीला तपासणीला बोलावलं तर येत नाही, तूच घरी जाऊन बघून ये. रविवारी सकाळी तो कुंडलला गेला. पुढच्या खोलीत दुकान, मोटारींचे लोखंडी सांगाडे, वार्निशचा वास. मागं राहायची खोली. भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरी, खाली साक्षीचं दप्तर. ती खाटेवर वही घेऊन बसली होती. अंगानं भरली होती, चेहरा गोल झाला होता. सोपान खुशीत होता. "एकदाबी ट्रिप झाली न्हाई, साहेब. लय शहानी झालीया. सांगायची गरज न्हाई आता." गोमटेशनं संगणक उघडला, चकती तिच्या पोटावर धरली. नोंद आली. तीन महिन्यांत एकही झटका नाही. एकही बिघडलेला ठोका नाही. मग त्यानं दुसरं पान उघडलं, दिवसभरात काळीज किती वेगानं चाललं याचे उभे खांब दाखवणारं. सगळे खांब डावीकडं दाटले होते. एकशे वीसच्या पुढं खांबच नव्हते. सबंध तीन महिन्यांत, नव्वद दिवसांत, सगळ्यात जास्त वेग एकशे अठरा. एवढा तर आण्णांचा देवळाच्या पायऱ्या चढताना व्हायचा.

शाळा किती लांब आहे, त्यानं विचारलं. सोपाननंच सांगितलं, पाच मिनिटांवर, पण ती अर्धा तास आधी निघते. कोपऱ्यावर थांबते, मारुतीच्या पारावर बसते, मग पुढं जाते. मधल्या सुट्टीत वर्गातच असते. मैत्रिणी बोलवायच्या, आता बोलवत नाहीत. वाढदिवसाला फुगा फुगवला नाही. सोपान हे कौतुकानं सांगत होता, आणि सांगता सांगता त्याचा आवाज मध्येच कुठंतरी बारीक झाला. तो उठला, चहाचं बघतो म्हणून बाहेर गेला. गोमटेशला बोलायला हवं होतं. तो म्हणाला, साक्षी, आता आकडा बरोबर लावलाय, डॉक्टरांनी तुला बघून लावलाय. पळालीस तरी मारणार नाही. थोडं पळायला हवं, नाहीतर काळीज मऊ पडतं.

"व्हय," ती म्हणाली. मोठ्या माणसाला बरं वाटावं म्हणून म्हणतात तसं. तिच्या डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं होती, अगदी बरोबर जागी. त्याला वाटलं, हिला हे कुणी शिकवलं नसणार.

चकती अजून तिच्या पोटावरच होती. नोंद केव्हाच येऊन गेली होती, आता ती धरायचं काही कारण नव्हतं. बाहेर सोपान कपबशा विसळत होता. साक्षी वहीकडं बघत म्हणाली, "काका, त्या दिवशी हात काढायच्या आदी मला सांगायचं व्हतं."

गोमटेशची नजर पडद्यावरच्या खांबांवर गेली.

"मी व्हय म्हणलं असतं," ती म्हणाली. "मला कळत व्हतं ते खरं हाय म्हणून. पळण्याचं तसं नसतंय. मी तुमच्याकडं बघत व्हती, तुमी कवा विचारताय म्हणून."

गोमटेशला हातातला घाम चकतीवर उतरल्याचं जाणवलं. ती वाट बघत होती हे त्यानं तेव्हाही पाहिलं होतं. कशाची ते त्यानं आपल्याच मनानं ठरवलं होतं, आपण शब्द पाळतो का याची, आणि त्या समजुतीवर त्यानं तीन महिने काढले होते. आता माफी मागावी, की सांगावं की अकरा सेकंद मी तुझ्यासाठीच... पण ते खरं नव्हतं. ते अकरा सेकंद त्यानं स्वतःला सांभाळण्यात घालवले होते. जिचा जीव जात होता ती शांतपणे तयार होती, आणि तिला विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. एकशे नव्वद लावताना तर ती भूल देऊन झोपलेलीच होती.

सोपान चहा घेऊन आला. खाटेच्या कडेला कप ठेवून तो संगणकाच्या पडद्याकडं बघत उभा राहिला.

"साक्षी," गोमटेश म्हणाला, "हे झालंय. काढू का?"

तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. त्याच्याकडं, मग पोटावरच्या त्याच्या हाताकडं. मनगटावरची बोटं तशीच होती, ओठ अगदी बारीक हलत होते, मोजत असल्यासारखे.

"अजून न्हाई," ती म्हणाली.

गोमटेश हात तसाच ठेवून वाकून उभा राहिला.